भिंत पिवळी असेल तर पिवळीच दिसू दे

प्रश्न विचारणारी मुलगी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आपल्या मामावर १८ मिनिटांचा माहितीपट करते आहे. मामाला पंचविशीपासून स्किझोफ्रेनिया आहे, औषधं नियमित चालू आहेत, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात तो आजीसोबत राहतो. जून ते ऑगस्ट जमेल तसं शूटिंग झालं. एक सोनीचा कॅमेरा, एक मैत्रिणीचा मोबाइल, दोन्हींचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा मानायचा ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवर. आता टाइमलाइनवर मामा एका शॉटमध्ये हिरवट दिसतो, पुढच्यात नारिंगी. मार्गदर्शक म्हणतात, रंग कमी कर, थोडं निळं कर, विषयाला मूड येईल. शिवाय आधारगटातल्या एका बाईंनी चेहरा दाखवायचा नाही या अटीवर मुलाखत दिली आहे, ती खिडकीसमोर बसवून काळ्या आकृतीसारखी घेतली आहे. दोन दिवसांचं शूटिंग बाकी आहे. रंग कसे जुळवू, निळं करू का आणि त्या बाईंच्या मुलाखतीचं काय करू, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. निळं करू नकोस.

पंधराएक वर्षांपूर्वी मी अशाच एका माहितीपटाचं ग्रेडिंग, म्हणजे रंगांचं काम, केलं होतं. तिशीतला एक मुलगा, बराच काळ दवाखान्यात राहून घरी परतलेला. मी सावल्यांमध्ये हिरवट निळा भरला, रंग निम्म्यावर आणले, कॉन्ट्रास्ट वाढवला. स्टुडिओत सगळ्यांना आवडलं. मग आम्ही ती फिल्म त्यांच्या घरी, त्यांच्याच बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर दाखवली. मुलाने सगळी फिल्म शांतपणे पाहिली आणि शेवटी एवढंच म्हणाला, "सगळं बरोबर आहे, पण हे आमचं घर नाही." त्याची आई उठली आणि तिने भिंतीवर हात ठेवला. तो घरी यायच्या आधीच्या आठवड्यात तिने ती खोली रंगवून घेतली होती. पिवळी, कारण लहानपणी त्याला तो रंग आवडायचा. माझ्या फिल्ममध्ये ती भिंत शेवाळलेल्या सिमेंटसारखी दिसत होती. मी ते सगळं ग्रेडिंग पुसलं आणि पुन्हा पहिल्या शॉटपासून बसलो.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो: रंगाने निदान करायचं नाही. आपण एखाद्याच्या घराला निळं-करडं करतो तेव्हा प्रेक्षकाला सांगत असतो की हा माणूस ज्या जगात राहतो ते आपल्या जगापेक्षा वेगळं आहे, थंड आहे, तिथे जाऊ नये. आजाराभोवती लाज साचते ती असल्याच सवयींमधून. प्रत्यक्षात तुझ्या मामाच्या सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा वाड्याच्या चौकात तेच ऊन पडलं असेल, तुळशीचा हिरवा तोच असेल, शेजारच्यांच्या दोरीवर तीच लाल साडी वाळत असेल. त्याला कानात आवाज येत होते आणि बाहेर सगळं जिथल्या तिथे होतं. बघणाऱ्याला अस्वस्थ करायची ताकद या विसंगतीत आहे, आणि रंग धुऊन काढलेस की नेमकी तीच जाते. 'वाईट दिवस' निळे आणि 'बरे दिवस' सोनेरी ही मांडणीही टाळ. आजार असा दोन कप्प्यांत राहत नाही, आणि औषधं चालू असलेला माणूस म्हणजे सोनेरी उजेडात हसणारा माणूस असंही नसतं. मार्गदर्शकांना हे सरळ सांग. नाहीच पटलं तर एकच सीन दोन्ही तऱ्हांनी करून दाखव.

आता जुळवणी. तुझं निम्मं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाड्यातली खोली म्हणजे उजेडाची भेळ असते. खिडकीतून पावसाळी आभाळाचा निळसर प्रकाश, आत ट्यूबलाइट, देवघरात पिवळा बल्ब, आणि चौकातल्या झाडांवरून परतून आलेला हिरवा. ऑटो व्हाइट बॅलन्स यातल्या कुणावर विश्वास ठेवायचा ते दर क्षणी नव्याने ठरवतो. म्हणून एकाच शॉटमध्ये मामा खिडकीकडून देवघराकडे गेला की त्याचा रंग चालता चालता बदलतो. अशा क्लिपला आधी हात लावू नकोस. प्रत्येक जागेचा एक शॉट असा निवड, ज्यात मामाचा चेहरा मोठा आहे, उजेड बऱ्यापैकी एकसारखा आहे आणि मागे भिंत दिसते. तो त्या खोलीचा मूळ शॉट. तो नीट बसव आणि मग बाकीचे सगळे शॉट त्याच्याशी जुळव, आधीच्या शेजारच्या शॉटशी नाही. शेजारच्याशी जुळवत गेलीस तर प्रत्येक वेळी थोडी चूक होते आणि दहाव्या शॉटला तू भलतीकडेच पोचलेली असतेस.

भिंतीचा खरा रंग माहीत करून घ्यायचा सोपा उपाय म्हणजे घरी जाऊन दिवसाच्या उजेडात भिंतीशेजारी पांढरा कागद धरून एक फोटो काढणं. पुढच्या प्रत्येक शंकेचं उत्तर त्या फोटोत मिळतं.

तू डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि रंगांच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरते आहेस, ती या कामाला पुरते. पहिल्या नोडमध्ये, म्हणजे रंगकामाच्या पहिल्या टप्प्यात, फक्त लॉगचं (कॅमेऱ्याने मुद्दाम फिकट, चेपून नोंदवलेल्या चित्राचं) साध्या चित्रात रूपांतर कर, त्यासाठी कलर स्पेस ट्रान्सफॉर्म वापर, इंटरनेटवरून उतरवलेली सुंदर नावांची लट (LUT, म्हणजे तयार रंगांची फाइल) नको. दुसऱ्यात एक्सपोजर आणि बॅलन्स. तिसऱ्यात फक्त चेहरा, गरज असेल तरच. क्रम उलटा केलास तर आधी चेहरा सुधारशील आणि मग सगळं चित्र हलवताना तो पुन्हा बिघडेल. ट्यूबचा हिरवा काढायला टेम्परेचर (निळा-पिवळा) ओढत बसू नकोस, टिंट (हिरवा-मजेंटा) मजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, अगदी थोडा ने. ऑटोमुळे शॉटच्या मध्येच रंग सरकला असेल तर जिथे सरकायला लागतो आणि जिथे थांबतो तिथे कीफ्रेम (सेटिंग बदलण्याची खूण) टाक. ते काम चिवट आहे, पण होतं.

देवघराचा पिवळा मात्र राहू दे. खिडकीचा निळा आणि बल्बचा पिवळा एकाच फ्रेममध्ये असणं ही चूक नव्हे, संध्याकाळी घर असंच दिसतं. चेहरा नीट बसला की मागचं डोळा आपोआप मान्य करतो.

डोळ्यांवर विसंबू नकोस, स्कोप, म्हणजे रंग आणि उजेड मोजून दाखवणारे आलेख, उघडून ठेव. रात्री दोन तास हिरवट चित्र पाहिलं की डोळ्यांना तेच पांढरं वाटायला लागतं. व्हेक्टरस्कोपवर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरकी रेषा असते, माणसाच्या त्वचेचा रंग तिच्या आसपास पडतो. गोरा असो की सावळा, रेषा तीच, कारण त्वचेखालचं रक्त सगळ्यांचं सारखं. फरक पडतो तो वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या पातळीत. परदेशी व्हिडिओंमध्ये चेहरा ज्या पातळीला ठेवायला सांगतात ती डोळे झाकून उचलू नकोस. ० (काळा) ते १०० (पांढरा) या मापात सावळा चेहरा ५० च्या आसपास किंवा त्याखालीही अगदी छान दिसतो. तुझी आजी रफ कट (कच्ची जुळणी) बघताना नक्की म्हणेल, "जरा उजळ दाखव गं त्याला." आजीचं मन राखायला खिडकीच्या बाजूची चमक थोडी वाढव, पण मामाचा वर्ण बदलू नकोस.

सोनीचं फुटेज ८ बिट एस-लॉग ३ (सोनीचा लॉगचा प्रकार) मध्ये आहे असं तू लिहिलं आहेस. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये चित्र आधीच चेपलेलं असतं. ते ताणलंस की भिंतीसारख्या सपाट भागावर पट्टे उमटतात आणि सावल्यांमध्ये रंगीत दाणे नाचतात. फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन (दाणे कमी करायची सोय) मिळत नाही, त्यामुळे अंधाऱ्या भागांना उचलायच्या भानगडीत पडू नकोस. वाड्याचा जिना काळोखी आहे, तर तो काळोखीच राहू दे. मोबाइलच्या क्लिप एडिटिंगआधी एकसारख्या फ्रेम रेटमध्ये बदलून घे. मोबाइल स्वतःच्या सोयीने फ्रेम रेट कमी-जास्त करतो आणि मग ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

बाकी राहिलेल्या दोन दिवसांसाठी: लॉग बंद कर, कॅमेऱ्याचं साधं प्रोफाइल वापर. प्रत्येक जागी पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने लाव आणि तिथून हलेपर्यंत बदलू नकोस. २५ फ्रेम्स, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या आकड्यांवर ट्यूब लुकलुकत नाही. स्वस्त एलईडी बल्ब तरीही त्रास देतात. पट्टे दिसले तर १/१०० करून बघ, नाहीतर बल्बच बदल.

आणि मामाबद्दल काही. हे रंगाइतकंच महत्त्वाचं आहे.

तू लिहिलं आहेस की त्याच्या थरथरणाऱ्या हातांचे क्लोजअप फार परिणामकारक आलेत आणि तेच सुरुवातीला वापरायचा विचार आहे. थांब. सायकोसिसवरच्या (भास, भ्रम यांवरच्या) बऱ्याच औषधांमुळे हाताला कंप येतो, पाय सतत हलत राहतात, एका जागी बसवत नाही, तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं, सकाळी गुंगी असते. तू जे टिपलं आहेस तो बहुधा औषधाचा परिणाम आहे. प्रेक्षक मात्र त्याला आजाराचं, किंवा वाईट म्हणजे 'वेडाचं' लक्षण समजणार. हात दाखवायचेच असतील तर मामाच्याच तोंडून येऊ दे की हे गोळ्यांमुळे होतं, आणि त्याच हातांनी तो आजीच्या चहात साखर ढवळतो तेही दाखव. कंप जास्त असेल तर ते त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. त्यावर उपाय असतात. गोळ्या बंद करण्याचा विषयसुद्धा शूटिंगच्या निमित्ताने निघता कामा नये.

मुलाखत उशिरा सकाळी ठेव, अकराच्या पुढे, गुंगी उतरल्यावर. पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी असू दे आणि पाणी पितानाचे क्षण कापू नकोस. वीस मिनिटांनी थांबायचं, तो चालू ठेव म्हणाला तरी.

कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय, आपलं बोलणं ऐकतंय, असं वाटणं हा या आजारात अनेकांचा अनुभव असतो. अशा माणसासमोर आपण कॅमेरा घेऊन जातो आणि त्याच्या शर्टात माइक अडकवतो, हे विसरू नकोस. लपवून एकही शॉट घ्यायचा नाही, दाराच्या फटीतून नाही, चौकाच्या पलीकडून झूम करूनही नाही. कॅमेरा चालू आहे हे त्याला दिसलं पाहिजे. लाल दिवा कशाचा ते सांग, घेतलेला शॉट लगेच दाखव. मी तर कॅमेरा बंद करायचं बटण समोरच्या माणसालाच दाखवून ठेवतो. आजवर फार थोड्यांनी ते दाबलं, पण ते माहीत असल्यामुळे खांदे सैल पडतात आणि चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. लेपल माइक नको वाटला तर वरून बूम (लांब दांड्यावरचा माइक) धर.

परवानगीबद्दल तू लिहिलंस, "आजीने सही केली आहे." आजीची सही मामाच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ प्रमाणे मानसिक आरोग्य आस्थापनेत (रुग्णालयासारख्या ठिकाणी) उपचार घेणाऱ्या मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मामा आज घरी आहे, पण मला त्या कलमाचा आशय घरालाही लागू वाटतो: संमती त्याची हवी. साध्या मराठीत एक पान लिही. फिल्म कुठे कुठे दाखवली जाईल, यूट्यूबवर जाईल का, नातेवाईक आणि वाड्यातली माणसं बघतील का, हे त्यात असू दे. तो बरा असताना, घाई नसताना ते वाचून दाखव. रफ कट झाल्यावर पुन्हा विचार, फिल्म लॉक (अंतिम) करण्याआधी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तो नाही म्हणाला तर नाही. तू त्याची भाची आहेस, तुला नाही म्हणणं त्याला जड जाणार, म्हणून निदान एकदा तरी तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी विचारलेलं बरं.

आता त्या बाई. इथे मला काळजी वाटते आणि हे काम आजच कर.

काळी आकृती ही सुरक्षित वाटते, पण नसते. खिडकीसमोर बसवून घेतलेल्या शॉटमध्ये चेहरा काळा दिसतो तो एक्सपोजरमुळे. माहिती फाइलमध्ये तशीच असते. तुझ्या क्लिपवर गॅमा (मधल्या उजेडाची पातळी) वर ओढून बघ. नाक, चष्मा, कपाळावरची टिकली, सगळं वर येईल, दाणेदार पण ओळखू येईल इतपत. तू ओढू शकतेस तसं ती फाइल हातात पडलेला कुणीही ओढू शकतो. म्हणून आकृतीच्या आत मास्क (झाकणारा आकार) लावून तो भाग पूर्ण काळा कर, वेव्हफॉर्मवर सपाट शून्य, आणि बाहेर जाणारी प्रत्येक प्रत त्यातूनच रेंडर कर. शॉट हलता असेल तर प्रत्येक फ्रेम तपास. एका फ्रेममध्ये मास्क सुटला तरी पुरेसं होतं. मोझेक तर नकोच. एकाच चेहऱ्याच्या शेकडो फ्रेम्स मिळाल्या की बारीक मोझेकमागचा अंदाज बांधता येतो. शिवाय आपल्याकडे मोझेक म्हटलं की पोलिसांनी पकडून नेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या बाईंनी कुठला गुन्हा केलेला नाही.

आवाज जाड-बारीक करणंही पुरेसं नाही, तो पुष्कळदा पुन्हा मूळपदावर आणता येतो. त्यांची हरकत नसेल तर त्यांचे शब्द दुसऱ्या बाईकडून वाचून घे आणि तसं पडद्यावर लिही. मग खिडकीतून काय दिसतं ते बघ. समोरच्या इमारतीचं नाव, दुकानाची पाटी, ओळखीचं देऊळ. पुण्यात पेठेतल्या माणसाला गच्चीच्या कठड्यावरून वाडा ओळखता येतो. भिंतीवरचा लग्नाचा फोटो, औषधाच्या पाकिटावरचं नाव, हातातल्या बांगड्यासुद्धा.

माझं मत विचारशील तर बाकीच्या दोन दिवसांत ती मुलाखत फक्त आवाज म्हणून पुन्हा घे, आणि चित्र म्हणून त्यांना जे दाखवायला आवडेल ते दाखव. एका कामात अशाच एका बाईंनी मला त्यांची कुंडीतली गवती चहाची पात दाखवली होती. ती त्यांनी आजारपणात सांभाळली होती. चार मिनिटं आम्ही फक्त पाणी घालणारे हात आणि ती पात दाखवली. तो हिरवा रंग मी जरासुद्धा हलवला नाही. मूळ मुलाखतीची फाइल लॅपटॉपवर, मित्राच्या ड्राइव्हवर, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर कुठे कुठे पडली आहे ते शोध आणि काम संपल्यावर बाईंच्या इच्छेप्रमाणे पुसून टाक.

येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या फाटकाचा शॉट सुरुवातीला टाकायचा विचार असेल तर सोड. तुझा मामा तिथे कधी राहिलेला नाही. आणि 'येरवड्याला पाठवा' हे आपल्याकडे टोमणा म्हणून वापरलं जातं. ती पाटी दिसली की प्रेक्षक तोच टोमणा मनात घेऊन उरलेली फिल्म बघेल.

मामाने जीव द्यायचा विचार आल्याचं सांगितलं आहे, तो भाग ठेव, पण कसा, कशाने, कुठून, हे तपशील काढून टाक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट करणाऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही आत्महत्येची पद्धत दाखवू नये असंच सांगितलं आहे. तो त्यातून कसा बाहेर आला, कुणाला हाक मारली, हे मात्र सविस्तर येऊ दे. त्या भागाच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर सावकाश वाचता येईल इतका वेळ ठेव. श्रेयनामावलीत पळता नको.

शेवटच्या प्रतीबद्दल थोडक्यात. रेक ७०९ या नेहमीच्या व्हिडिओच्या रंगमानकात काढ. मॅकवर क्विकटाइममध्ये चित्र फिकट दिसलं तर घाबरून पुन्हा ग्रेडिंग करू नकोस, तो बहुधा मॅकच्या रंग दाखवण्याच्या पद्धतीचा परिणाम असतो. तीच फाइल मोबाइलवर आणि दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर बघून खात्री कर. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी दोन मिनिटं लावून बघ, प्रोजेक्टर सावल्या खातो.

पण त्या सगळ्याच्या आधी फिल्म मामाच्या घरी ने. आजीच्या टीव्हीवर लाव. टीव्ही 'व्हिव्हिड'वर असेल, तो 'सिनेमा'वर किंवा 'स्टँडर्ड'वर कर. दिवसा लाव, खिडकी उघडी ठेव, आणि टीव्ही अशा जागी ठेव की पडद्यावरची भिंत आणि त्यामागची खरी भिंत मामाला शेजारी शेजारी दिसेल.